सात दिवसांची मुदत

समजा, नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यातल्या एखाद्या शाळेत आठवीच्या वर्गात एक मुलगी उभी राहून धडा वाचते आहे. घरी ती कोकणा बोलते. पुस्तकातल्या मराठीतली जोडाक्षरे अजून तिच्या जिभेवर बसलेली नाहीत. मागच्या बाकावर कुणीतरी दप्तरात लपवून आणलेल्या फोनवर तिचा आवाज टिपतो. संध्याकाळी तो तुकडा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, त्याखाली हसण्याच्या इमोजींची रांग लागते. रात्री तिच्या चेहऱ्याचे स्टिकर तयार होते आणि सकाळपर्यंत ते शेजारच्या दोन शाळांत पोहोचलेले असते. मग ती पाण्याच्या टाकीपाशी गेली तरी तिचे तेच अडखळलेले वाक्य कुणीतरी म्हणून दाखवते. आठवड्याने ती शाळेत यायची थांबते. हा प्रसंग कल्पित आहे, पण रोज वर्गावर जाणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला तो परका वाटणार नाही. यात कुणी कुणाला मारलेले नाही, अश्लील काही पाठवलेले नाही, पैसे लुबाडलेले नाहीत. तरीही एका मुलीची शाळा सुटली आहे. तिची आई तक्रार घेऊन आली, तर मुख्याध्यापकांनी काय करायचे?

अशा वेळी आपल्याकडे बहुधा दोनच उत्तरे ऐकू येतात. पहिले असे: 'हे शाळा सुटल्यावर घडले, मोबाइल पालकांनीच घेऊन दिला, आता तुम्ही आणि पोलीस बघून घ्या.' आणि प्रकरण गावभर झाले की दुसरे: 'तुमच्या मुलाचा दाखला घेऊन जा.' एकात शाळा हात झटकते, दुसऱ्यात हात उगारते. माझे म्हणणे असे आहे की ही दोन्ही उत्तरे कायद्यात बसत नाहीत. त्यांच्या मधली वाट महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९९९ मध्येच आखून ठेवली आहे. लेखी तक्रार घ्यायची, सात दिवसांत तिची चौकशी करायची आणि जे निष्पन्न होईल त्याप्रमाणे लेखी पाऊल उचलायचे, अशी ती वाट. शाळा बहुतेक वेळा शिक्षेपासून सुरुवात करतात किंवा सुरुवातच करत नाहीत. चौकशी ही शाळेची कायदेशीर जबाबदारी आहे आणि तीच तिची सर्वांत मोठी ताकदही आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही.

या विषयावर नवा कायदा हवा अशी मागणी अधूनमधून होते आणि तिच्यात तथ्य आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये किंवा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'सायबर छळ' या नावाचा गुन्हा नाही. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे, तोतया बनून फसवणे, खासगी अवयवांचे चित्र पसरवणे, लहान मुलांचे लैंगिक चित्रण करणे वा फिरवणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले वेगवेगळे गुन्हे आहेत. मुलीचा इंटरनेटवरून पाठलाग करणे हे न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली येते, धमकी ३५१ व्या कलमाखाली. पण कुणाची रोज टर उडवणे, त्याला ग्रुपमधून काढून त्याच्याविषयी बोलत राहणे, त्याच्या चेहऱ्याचे स्टिकर करणे हे यांपैकी कशातच नेमके बसत नाही. बदनामी म्हणावी तर ती अदखलपात्र. पोलीस ठाण्यात एन.सी. लिहून घेतली जाते आणि कागद तिथेच राहतो. एके काळी ६६ अ हे कलम होते, त्यात 'त्रासदायक' आणि 'घोर अपमानकारक' संदेशांना तीन वर्षांपर्यंत कैद होती. ते कसे वापरले गेले हे महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला पाहिले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने त्याला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. त्या घटनेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ते रद्द झाले हे योग्यच झाले. 'त्रासदायक' या शब्दाला तळ नसतो. तो ज्याच्या हातात असेल त्याच्या मनाप्रमाणे फिरतो. शाळेने स्वतःचे नियम लिहितानाही ही गोष्ट विसरता कामा नये. तिच्याकडे मी पुढे येतोच.

तर फौजदारी कायद्यात फट आहे. ती भरून काढणारी गोष्ट म्हणजे महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९. नाव वाचून मुख्याध्यापक पान उलटतात, कारण रॅगिंग म्हणजे वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वसतिगृह हे समीकरण डोक्यात पक्के आहे. व्याख्या मात्र वेगळेच सांगते. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा ओशाळलेपण वाटेल असे कोणतेही वर्तन तिच्यात येते. चिडवणे, शिवीगाळ करणे, धमकावणे, थट्टा करणे यांचा तिथे नावानिशी उल्लेख आहे. वरिष्ठाने कनिष्ठावर केले तरच रॅगिंग, अशी अट त्यात नाही. शैक्षणिक संस्था म्हणजे महाविद्यालय किंवा शिक्षण देणारी इतर कोणत्याही नावाची संस्था, आणि तिच्याशी जोडलेले वसतिगृह, अनाथालय, शिकवणी वर्गही. रॅगिंगला बंदी आहे ती संस्थेच्या आत आणि बाहेरही. हा कायदा झाला तेव्हा कळवणच्या मुलांच्या हातात मोबाइल नव्हता, व्हॉट्सॲप जन्माला यायचे होते. तरीही 'आत किंवा बाहेर' हे शब्द घालणाऱ्यांनी आजच्या ग्रुपसाठी जागा करून ठेवली असे म्हणायला हरकत नाही.

या कायद्याचा खरा कणा सहाव्या आणि सातव्या कलमात आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांच्यापैकी कुणी लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची. सकृद्दर्शनी तथ्य दिसले तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसे तक्रारदाराला लेखी कळवायचे. प्रमुखाने हे करण्यात कसूर केली, तर त्याने स्वतःच गुन्ह्याला साथ दिली असे मानले जाते. थोडक्यात, 'शाळेबाहेर घडले' म्हणून लेखी तक्रार परत पाठवणारे मुख्याध्यापक आपल्याला वाटते तसे सुरक्षित कडेला उभे नसतात. हा कायदा कागदावर पडून राहिलेला नाही, हेही सांगायला हवे. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, मूळच्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवले. त्या प्रकरणात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यासोबत हा रॅगिंगविरोधी कायदाही लावला गेला, आणि कुटुंबीयांच्या आरोपांत व्हॉट्सॲप ग्रुपवरून झालेल्या अपमानाचा उल्लेख होता. आरोप सिद्ध होणे न होणे न्यायालयाच्या हाती आहे. पण बोलीवरून, पाड्यावरून, 'सवलतीवर आलेले' म्हणून होणारी हेटाळणी शाळेतच थांबवली नाही तर पुढे कुठवर जाते, हे उत्तर महाराष्ट्राला त्या घटनेनंतर कुणी वेगळे समजावून सांगायला नको.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. तेरा वर्षांच्या पोराने एक स्टिकर बनवले म्हणून त्याचे नाव पोलीस ठाण्यात न्यायचे? या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरल्यास संस्थेतून काढून टाकणे आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश नाही अशी तरतूद आहे. सज्ञान मुलांसाठी ती ठीक म्हणता येईल, शाळकरी मुलासाठी ती भयंकर आहे. पण शाळकरी मूल आणि या शिक्षेच्या मधे दुसरा कायदा उभा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा अठरा वर्षांखालच्या, कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांच्या बाबतीत इतर कायद्यांच्या वर चालतो, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असलेला अपराध त्याच्या भाषेत 'किरकोळ' ठरतो. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अशा अपराधात मुलावर एफआयआर दाखल होत नाही. बाल कल्याण पोलीस अधिकारी स्टेशन डायरीत नोंद घेतो, मुलाच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल करतो आणि तो बाल न्याय मंडळाकडे पाठवतो. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशन सांगू शकते, समाजसेवा लावू शकते. दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता अशा मुलाला चिकटत नाही. सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य तर गुन्हाच नव्हे, आणि सात ते बारा या वयात त्याला समज किती होती हे पाहावे लागते. दोन्ही कायदे एकत्र वाचले की १९९९ च्या कायद्याची धार मुलापुरती बोथट होते, मुख्याध्यापकावरची मात्र तशीच राहते. मला हे वाटप न्याय्य वाटते. मोठ्यांनी वेळेवर काम केले नाही तर दोष मोठ्यांचा.

निलंबनाचे काय, हा प्रश्न कळवणसारख्या भागात जास्त नाजूक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'दाखला घेऊन जा' हे वाक्य म्हणूनच बेकायदा आहे. पालकांकडून 'स्वेच्छेने' अर्ज लिहून घेतला तरी त्यामागचा दबाव लपत नाही. निलंबन म्हणजे काढून टाकणे नव्हे, पण निवासी शाळेत त्याचा परिणाम जवळपास तोच होऊ शकतो. सुरगाण्याच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरचा मुलगा आश्रमशाळेतून पंधरा दिवसांसाठी घरी गेला, आणि घरची माणसे द्राक्षबागेत किंवा ऊसतोडीला जायच्या तयारीत असली, तर तो परत येईलच असे नाही. किती दिवसांचे निलंबन, हे कलम ठरवून देत नाही. माझ्या मते शाळेने ते शक्य तेवढे आखूड ठेवावे आणि अभ्यास चालू राहील असे करावे: तक्रारदार मुलीच्या तुकडीतून वेगळे बसवणे, देखरेख असलेल्या खोलीत अभ्यास देणे, वसतिगृहात खोली बदलणे, ग्रुपमधून काढणे. आणि हलवायचेच असेल तर त्रास देणाऱ्याला हलवायचे. सोसणाऱ्या मुलीला 'तुझ्याच भल्यासाठी' दुसऱ्या तुकडीत घालणे ही तिलाच केलेली शिक्षा आहे.

आता 'शाळेबाहेर'. शाळेचा अधिकार फाटकाशी संपतो, ही समजूत आपल्याकडे अनुभवातून आली आहे, कायद्यातून नाही. आश्रमशाळेत तर ती मुळातच चालत नाही, कारण तिथे रात्रीचे अकरा वाजले तरी मूल शाळेच्याच छपराखाली असते. गृहपाल आणि अधीक्षक पालकाच्या जागी असतात. कळवणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीतल्या शाळांना आणि वसतिगृहांना 'शाळेबाहेर' हा शब्दच वापरता येऊ नये. दिवसाच्या शाळांतही वर्गाचे ग्रुप कुणी सुरू केले? २०२० च्या टाळेबंदीत गृहपाठ पाठवायला शाळांनीच, आणि बऱ्याच ठिकाणी वर्गशिक्षक अजून त्यांचे ॲडमिन आहेत. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला फौजदारी गुन्ह्यात गोवता येणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी दिला आहे, तेव्हा शिक्षकांनी घाबरून ग्रुप सोडण्याचे कारण नाही. पण गुन्हेगार न ठरणे वेगळे आणि कर्तव्य नसणे वेगळे. शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम मुलाला भय, आघात आणि चिंतेपासून मुक्त ठेवण्याचे काम शिक्षणव्यवस्थेवरच सोपवते. मग प्रसंग कुठे घडला याच्याइतकेच, त्याचा परिणाम कुठे उमटतो हेही पाहावे लागते. ती मुलगी वर्गात वाचायला उभी राहायची बंद झाली, तर तो परिणाम वर्गातलाच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये महानॉय शाळेच्या खटल्यात जवळपास हीच कसोटी लावली. शनिवारी, शाळेबाहेर, स्नॅपचॅटवर शाळेच्या चीअरलीडिंग संघाबद्दल रागाने शिवी हासडणाऱ्या मुलीच्या बाजूने न्यायालय उभे राहिले. मात्र एखाद्या विशिष्ट व्यक्तीला लक्ष्य करणारा गंभीर छळ शाळेबाहेर घडला तरी शाळा हस्तक्षेप करू शकते, हेही त्याच निकालात सांगितले.

त्या फरकावर मी मुद्दाम थांबतो, कारण इथेच पालघरची आठवण ठेवावी लागते. शाळेला अधिकार आहे म्हटले की काही संस्थाचालक नियमावलीत पहिले वाक्य लिहितील, 'शाळेची बदनामी होईल असा मजकूर टाकल्यास कारवाई.' हे होता कामा नये. जेवणात अळ्या निघाल्याचा व्हिडिओ, न्हाणीघराला दार नसल्याचा फोटो, शिक्षक येत नाहीत ही पोस्ट, यांतले काहीही सायबर छळ नाही. जुलै २०१८ मध्ये वसतिगृहाच्या जेवणाऐवजी खात्यात पैसे देण्याच्या योजनेविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्यांचा तो आवाज आज फोनवरून उठला तर तो दाबण्याचे हत्यार या निमित्ताने कुणाच्या हाती जाऊ नये. म्हणून नियमात लिहायचे ते एवढेच: एखाद्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला लक्ष्य करून भीती, लाज किंवा मानसिक इजा होईल असे वर्तन. शब्द १९९९ च्या कायद्यातलेच वापरावेत, आपल्या मनाचे घालू नयेत. संस्था कितीही दुखावली तरी ती विद्यार्थी नाही.

चौकशी म्हणजे काय, हे जवळून पाहू. आई तक्रार घेऊन येते. लिहिता येत नसेल तर शाळेने तिच्या सांगण्यावरून लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, अंगठा किंवा सही घ्यायची आणि तारखेसह पोच द्यायची. सात दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. मग मुख्याध्यापक संबंधित मुलाला बोलावतात आणि हात पुढे करतात, 'फोन दे, लॉक उघड.' इथे शाळा चुकते. शाळेत फोन आणायला बंदी असेल तर तो ठेवून घेऊन पालकांना परत करता येतो. तो उघडून वाचता येत नाही. झडतीचा अधिकार पोलिसांना आहे, तोही कायद्याच्या चौकटीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि तो वयाच्या अठराव्या वाढदिवशी सुरू होत नाही. मुलाने पालकांसमोर स्वतः दाखवले तर पाहावे, नाहीतर ज्यांच्या फोनवर तो मजकूर आला आहे त्यांनी दाखवलेला पाहावा, कुणी कधी काय टाकले याची लेखी नोंद करावी, आणि पालकांना सांगावे की मूळ संदेश पुसू नका, कारण प्रकरण पुढे गेले तर नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचे प्रमाणपत्र लागते. ज्याच्यावर आरोप आहे त्या मुलाचे म्हणणे त्याच्या पालकांसमक्ष ऐकून लिहून घ्यावे. आठवड्यात हे सगळे होते.

मजकूर लैंगिक असेल तर मात्र शाळेच्या हातात निवड उरत नाही. मुलीचा चेहरा दुसऱ्या देहावर चिकटवलेला फोटो, आंघोळीचा व्हिडिओ, 'फोटो पसरवीन' ही धमकी, हे बालकांवरच्या लैंगिक अपराधांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कक्षेत येते. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आरोपी संस्थेतलाच कर्मचारी असेल तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण उघड झाले; आरोपी कर्मचारी होता, तरी वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या जबाबदार व्यक्तींवरही गुन्हा दाखल झाला. अशा प्रकरणात 'घरातल्या घरात मिटवू' म्हणणारे मुख्याध्यापक मुलीला वाचवत नसतात. आणखी एक चूक इथे फार सहज होते. चांगल्या हेतूने मुख्याध्यापक म्हणतात, 'तो फोटो मला पाठव, बघू.' तो फोटो पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखालचा गुन्हा होऊ शकतो, आणि आता तो आणखी एका फोनमध्ये गेलेला असतो. पाहू नये, घेऊ नये, पुढे पाठवू नये. कुणाकडे आहे एवढे लिहून पोलिसांना कळवावे. सोबत त्या कंपनीकडे तक्रार करायला पालकांना मदत करावी. नग्न किंवा बनावट चित्र काढून टाकण्यासाठी २०२१ च्या मध्यस्थ नियमांत २४ तासांची मुदत घातली गेली होती, आणि ती तक्रार पीडिताच्या वतीने दुसऱ्यालाही करता येते. नाशिकला जायला एसटीने दोन तास लागतात. ही तक्रार शाळेच्या कार्यालयात बसून दहा मिनिटांत होते.

गुप्ततेवर शाळा सर्वांत जास्त घसरतात. प्रकरण संपले की पालकांच्या ग्रुपवर संदेश जातो, 'इयत्ता नववीतील अमुक विद्यार्थ्यास समज देण्यात आली आहे, सर्वांनी नोंद घ्यावी.' लोकांना वाटते शाळा खंबीर आहे. बाल न्याय कायद्याचे ७४ वे कलम चौकशीतल्या मुलाची ओळख कोणत्याही संपर्कमाध्यमातून उघड करायला मनाई करते, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. छळ करणाऱ्या मुलाला गावासमोर उभे करणे हा छळच असतो, फक्त करणारा बदलतो. याच कारणाने १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेत आलेली सखी सावित्री समिती मला अर्धी उपयोगी वाटते. तिच्यात गावातली माणसे आहेत, म्हणून मुलींचा तिच्यावर विश्वास बसू शकतो. तिच्यात गावातली माणसे आहेत, म्हणूनच गोष्ट बाहेर जाऊही शकते. समितीने धोरण ठरवावे, वर्गांशी बोलावे. नाव घेऊन चालणारी चौकशी मात्र मुख्याध्यापक, एक शिक्षिका आणि शक्य असेल तिथे समुपदेशक या दोघा-तिघांतच राहावी.

खोट्या तक्रारींची भीती शिक्षक बोलून दाखवतात. ती निराधार नाही. मे २०२० मध्ये दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या 'बॉइज लॉकर रूम' या इन्स्टाग्राम ग्रुपवरून देशभर संताप उसळला. ग्रुप खरा होता, त्यात मुलींचे फोटो टाकून होणारी चर्चाही खरी होती; पण बलात्काराची भाषा असलेला जो स्क्रीनशॉट सर्वांत जास्त फिरला, तो त्या ग्रुपचा नसून एका मुलीने मुलाच्या नावाने केलेल्या वेगळ्या संभाषणाचा होता, असे पोलिसांना तपासात आढळले. तोवर देशाने निकाल देऊन टाकला होता. या उदाहरणाने चौकशीची गरज कमी होत नाही, वाढते. खोटी तक्रार पकडण्याचाही तोच एक मार्ग आहे, आणि तक्रारीत तथ्य नसल्याचे लेखी कळवण्याची तरतूद कायद्यात आहेच.

वेळेचा आक्षेप अधिक खरा आहे. दोन शिक्षकी शाळेत शिक्षकाने वर्ग घ्यावेत, पोषण आहाराची नोंद भरावी, निवडणुकीचे काम करावे, ऑनलाइन माहिती भरावी आणि वर सात दिवसांत चौकशीही? हा भार खरा आहे आणि तो शाळेवर एकट्याने टाकू नये. पण प्रश्न काही वाट बघत थांबलेला नाही. 'असर २०२४' या ग्रामीण भारताच्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुले स्मार्टफोन वापरू शकत होती, ७६ टक्क्यांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरला होता. अभ्यासाशी संबंधित काही केलेल्यांचे प्रमाण ५७ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखादे खाते ब्लॉक कसे करायचे किंवा त्याची तक्रार कशी करायची हे ६२ टक्क्यांना माहीत होते. उरलेल्या ३८ टक्क्यांपुढे स्टिकर येते तेव्हा त्यांच्याकडे फोन बंद करण्यापलीकडे काही नसते. मुलीच्या बाबतीत तो फोन घरचेच काढून घेतात, आणि पाठोपाठ शाळाही सुटते. जपानने २०१३ मध्ये छळप्रतिबंधाचा कायदा केला तेव्हा इंटरनेटवरचा छळ त्यात घेतलाच, शिवाय प्रत्येक शाळेत या कामासाठी कायमचा गट असावा असे बंधन घातले. काम कुणाचे हे ठरलेले असले की ते होते; सगळ्यांचे असले की कुणाचेच नसते.

कळवणमध्ये हे ठरवायला फार काही लागणार नाही. प्रकल्प कार्यालय आणि पंचायत समितीचा शिक्षण विभाग यांनी जूनमध्ये शाळा उघडताना एक पानाचे परिपत्रक काढावे: तक्रार वही कुणाकडे, पोच कोण देणार, चौकशीत कोण बसणार, पोलीस ठाण्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आणि त्याचा फोन कोणता. प्रत्येक शाळेला समुपदेशक मिळणार नाही. दहा-बारा शाळांमागे एक फिरता समुपदेशक नेमता येतो. कळवण आणि अभोणा पोलीस ठाण्यांतल्या त्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा मुख्याध्यापकांसोबत बसावे, म्हणजे पहिली भेट गुन्ह्याच्या दिवशी होणार नाही. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक वर्गाच्या दाराजवळ असावा, मुलींच्या वसतिगृहात आतल्या बाजूने. आणि सातव्या दिवशी शाळेचे लेखी उत्तर त्या आईच्या हातात पडेल, तेव्हा ते तिला नुसते देऊ नये. तिला समजेल अशा बोलीत, कोकणा बोलणारी असेल तर कोकणा बोलीतच, तिच्यासमोर वाचून दाखवावे, आणि तिची मुलगी सोमवारी कुठल्या बाकावर, कुणाच्या शेजारी बसणार आहे तेही त्यात लिहिलेले असावे.